बांधकामाचे देयक : धारणाधिकार, ना-दावा दाखला आणि ठेकेदाराचा हक्क

बीड शहराच्या दक्षिणेस बालाघाटाच्या रांगेत, मांजरसुंब्यापासून जवळच, श्रीक्षेत्र कपिलधार वसले आहे. ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांची समाधी आणि तेथील धबधबा ही या क्षेत्राची ओळख. कार्तिक पौर्णिमेला येथे यात्रा भरते आणि मराठवाड्यातून तसेच शेजारच्या कर्नाटकातून भाविकांच्या दिंड्या पायी येतात. अशा स्थळी निवारा, पायऱ्या, पाण्याची टाकी, स्वच्छतागृहे, जोडरस्ता अशी कामे वेळोवेळी काढावीच लागतात. या कामांचे वैशिष्ट्य असे की, त्यांची अखेरची तारीख निविदेतील कलमापेक्षा पंचांगच अधिक काटेकोरपणे ठरविते. यात्रा पुढे ढकलता येत नाही.

समजा, अशाच एखाद्या यात्रेच्या ठिकाणी निवाऱ्याचे काम निघाले. जागा देवस्थानच्या विश्वस्त संस्थेची, निधी शासनाचा, कार्यान्वयन यंत्रणा ग्रामपंचायत आणि तांत्रिक देखरेख जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्यांची. पाया खोदताना एका बाजूस भुसभुशीत भराव लागला. अंदाजपत्रकात नसलेली संरक्षक भिंत घातल्याखेरीज निवारा उभा राहणार नाही, हे सर्वांनाच दिसले. यात्रेला पंधरा दिवस उरलेले. “भिंत घालून घ्या, मान्यता मागाहून घेऊ,” असे ठेकेदारास सांगण्यात आले. त्याने भिंत घातली. यात्रा निर्विघ्न पार पडली. मार्चअखेर अंतिम देयक तयार झाले तेव्हा त्यात भिंतीचा उल्लेख नव्हता. मात्र तळाशी एक ओळ होती : ‘या कामापोटी माझे कोणतेही येणे आता उरलेले नाही.’ त्या ओळीखाली सही केली तर धनादेश, नाही तर निधी व्यपगत.

हे उदाहरण कल्पित आहे. पण शासकीय बांधकामांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ते अपरिचित वाटणार नाही. सन २०२५ मध्ये राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी थकीत देयकांसाठी जागोजागी आंदोलने केली, तेव्हा हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. निधीची तरतूद ही त्या प्रश्नाची एक बाजू झाली. तिची चर्चा येथे करावयाची नाही. येथे पाहावयाचे आहे ते एवढेच की, काम करून बसलेल्या माणसाच्या हातात कायद्याने कोणता हक्क ठेवला आहे, आणि वर सांगितलेल्या एका ओळीने त्यातला किती जातो.

धारणाधिकाराची मर्यादा

‘धारणाधिकार’ हा शब्द शासकीय सेवकांस सेवानियमांमुळे चांगला ठाऊक आहे. प्रतिनियुक्तीवर गेलेल्या कर्मचाऱ्याचा मूळ पदावरील हक्क, तो हा. व्यापारी व्यवहारात याच शब्दाचा अर्थ निराळा आहे : आपले येणे वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ अडवून ठेवण्याचा हक्क. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर मजुरी मिळेपर्यंत घड्याळ परत देत नाही, तेव्हा तो हाच अधिकार बजावीत असतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० ने हा हक्क त्याला दिला आहे. अधिनियमात यासाठी दोन उदाहरणे दिली आहेत आणि ती दोन्ही मार्मिक आहेत. पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिलेला कच्चा हिरा मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याने ठेवून घ्यावा, हे पहिले. दुसऱ्यात शिंप्याने कोट शिवून होताच देण्याचे व पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केलेले असते. म्हणून त्याला कोट अडवून ठेवता येत नाही. उधारी कबूल केली की धारणाधिकार गेला, हे तत्त्व येथे दिसते.

बांधकाम ठेकेदाराची अडचण अशी की, त्याचे श्रम आणि त्याचे साहित्य दुसऱ्याच्या जमिनीत रुजते. कलम १७० जंगम वस्तूंपुरते आहे. कलम १७१ ने दिलेला व्यापक धारणाधिकार बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातील वकील आणि विमापत्राचे दलाल यांच्यापुरता आहे. त्यांच्या यादीत ठेकेदार नाही. इमारत पुरी होऊनही पैसे मिळाले नाहीत म्हणून ठेकेदाराने तिला कुलूप ठोकले, तर ते कुलूप टिकत नाही. जागेत शिरण्याची त्याला मिळालेली परवानगी ही कामापुरती असते. ती जागेवरील हक्क नव्हे. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात आलेल्या तरतुदींप्रमाणे पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना खीळ घालणारा मनाई हुकूम न्यायालयासही देता येत नाही.

सिमेंट, लोखंड, खडी पुरविणाऱ्याची स्थितीही याहून फार निराळी नाही. माल विक्री अधिनियम, १९३० अन्वये ज्याचे पैसे मिळालेले नाहीत अशा विक्रेत्याला माल स्वतःच्या ताब्यात असेपर्यंत तो अडवून ठेवता येतो. कलम ४९ ने हा हक्क केव्हा संपतो हे सांगितले आहे : माल राखीव हक्काशिवाय वाहतूकदाराच्या हवाली केला, ग्राहकाने तो रीतसर ताब्यात घेतला, किंवा विक्रेत्याने हक्काचा त्याग केला. गाडी जागेवर रिकामी झाली की हक्क संपला. गोणी फोडून काँक्रीट झाले की माल म्हणून वस्तूच उरली नाही. खाजगी मालमत्तेच्या बाबतीत करारातच जमिनीवर बोजा निर्माण करून तो नोंदवून घेता येतो. परंतु लहान ठेकेदाराला असा करार करून देणारा मालक विरळाच. आणि जागा सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असल्यास, गहाण ठेवून वा अन्यथा कर्ज काढण्यापूर्वी विश्वस्तांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-क नुसार धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. देवस्थानच्या जमिनीवर ठेकेदाराचा बोजा चढवून घेण्याचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंदच आहे, आणि तो तसा असावा हेच योग्य होय.

गंमत अशी की, आपल्याकडील शासकीय बांधकाम करारांत धारणाधिकार हा शब्द येतो तो ठेकेदाराच्या बाजूने नव्हे, तर त्याच्या विरुद्ध. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण अटींतील एकोणतिसावे कलम ठेकेदाराकडून येणे असलेल्या रकमेसाठी त्याचे देयक रोखून धरण्याचा व त्यावर धारणाधिकार सांगण्याचा हक्क शासनास देते. एका कामातील नुकसानीचा दावा दुसऱ्या कामाच्या देयकातून वळता करता येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा आला. १९७४ साली रमण आयर्न फाउंड्रीच्या प्रकरणात न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने कौल दिला : जी नुकसानी अद्याप कोणी ठरविलेलीच नाही ती ‘येणे’ नव्हे. १९८३ साली कमालुद्दीन अन्सारी प्रकरणात न्यायालयाने ही भूमिका सौम्य केली. करारात तसे कलम असेल तर रक्कम रोखण्यास मनाई हुकमाने अडथळा आणता येणार नाही, असे ठरविले. म्हणून बीडमधल्या एका कामाचे पैसे दुसऱ्या तालुक्यातील वादात अडकले, तर ठेकेदाराने आधी आपल्या कराराची अट वाचावी.

परदेशातील वाट

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. वॉशिंग्टन ही नवी राजधानी वसविताना गवंडी, सुतार आणि साहित्य पुरविणारे यांनी पुढे यावे, त्यांना आपल्या पैशांची शाश्वती वाटावी, या हेतूने मेरिलँड राज्याने १७९१ मध्ये त्यांना इमारतीवरच हक्क सांगण्याची मुभा दिली. पुढे तेथील सर्व राज्यांनी असे कायदे केले. या हक्कामुळे पैसे न मिळालेला पोट-ठेकेदारसुद्धा थेट मालकाच्या मालमत्तेवर बोजा चढवू शकतो. साहजिकच मालक प्रत्येक हप्ता देताना त्या रकमेपुरते हक्कसोडपत्र लिहून मागू लागला, आणि त्यातून निराळाच अन्याय उभा राहिला : पैसे हाती पडण्यापूर्वीच सही घेतली जाऊ लागली. कॅलिफोर्निया राज्याने यावर केलेला उपाय आपण लक्षात घेण्यासारखा आहे. हक्कसोडपत्राचे चारच नमुने कायद्यानेच छापून दिले. हप्त्यापुरते आणि अखेरचे, आणि या प्रत्येकाचे पुन्हा दोन प्रकार : रक्कम प्रत्यक्ष मिळाल्यावरच अमलात येणारे, आणि रक्कम मिळाली असल्याने तत्काळ अमलात येणारे. या नमुन्यांना सोडून घेतलेला हक्कत्याग तेथे सामान्यतः निष्फळ ठरतो.

सरकारी इमारतीवर मात्र तेथेही असा बोजा चढत नाही. त्याऐवजी १९३५ च्या मिलर कायद्यान्वये मोठे संघीय काम घेणाऱ्या मुख्य ठेकेदाराला मजूर, पुरवठादार व पोट-ठेकेदार यांच्या पैशांसाठी वेगळा जामीन द्यावा लागतो. आपल्याकडे सुरक्षा ठेव आणि कामगिरीची हमी घेतली जाते, ती काम बिघडू नये म्हणून. त्या ठेवीवर गवंड्याचा किंवा खडीवाल्याचा हक्क नसतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने ‘मला वरून पैसे मिळाले तर तुला देईन’ अशा धर्तीच्या अटी बहुतांशी निष्प्रभ केल्या आणि वादावर झटपट निर्णय देणारा निवाडाधिकारी नेमण्याची सोय केली. लहान ठेकेदाराच्या दृष्टीने आपल्याला सर्वांत अधिक उणीव भासते ती या झटपट निर्णयाची, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ना-दावा दाखला

आपल्याकडे इमारतीवरील धारणाधिकारच नाही, तेव्हा तो सोडून देण्याचा प्रश्नही उद्भवत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु त्या हक्कसोडपत्राचा सख्खा भाऊ आपल्या प्रत्येक बांधकाम कार्यालयात आहे. त्याला ना-दावा दाखला, ना-देय प्रमाणपत्र किंवा अंतिम देयकावरील नुसते ‘पूर्ण व अखेरचे म्हणून मान्य’ असे म्हणतात. येथे सोडला जातो तो इमारतीवरील हक्क नव्हे, तर पैसे मागण्याचा हक्क.

हा दाखला घेण्यामागे कार्यालयाची अडचणही खरी आहे. काम बंद करावयाचे, खर्च बांधावयाचा, विनियोग प्रमाणपत्र पाठवावयाचे, लेखापरीक्षणास सामोरे जावयाचे. आणि वर्षभराने ठेकेदार नवीनच मागणी घेऊन उभा राहिला तर तिच्यासाठी तरतूद कोठून आणावयाची? म्हणून हिशेब एकदाचा मिटावा, ही अपेक्षा गैर नाही. प्रश्न आहे तो या दाखल्याच्या कायदेशीर वजनाचा.

करार अधिनियमाच्या कलम ६३ नुसार आपले येणे पूर्णतः वा अंशतः सोडून देण्याची मोकळीक ज्याचे त्याला आहे. अधिनियमातील उदाहरणात पाच हजारांचे येणे असलेला मनुष्य दोन हजार रुपये संपूर्ण फेड म्हणून स्वीकारतो आणि ऋण संपते. यासाठी कसलाही मोबदला लागत नाही. म्हणजे राजीखुशीने, समजून-उमजून दिलेला ना-दावा दाखला पक्का असतो. पुढे पश्चात्ताप झाला म्हणून तो मोडत नाही. मात्र ‘राजीखुशीने’ हाच शब्द वादाचे मूळ होय. बोघारा पॉलिफॅब या विमा दाव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे सांगितले की, दुसरा पक्ष कबूल असलेली रक्कमही सहीशिवाय देत नाही म्हणून केवळ आर्थिक कोंडीपोटी दिलेली पूर्ण-फेड पावती ही स्वेच्छेची म्हणता येत नाही, आणि तिने वाद मिटत नाही. २०११ मध्ये आर. एल. कलाथिया विरुद्ध गुजरात राज्य या ठेकेदाराच्याच प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, ना-देय प्रमाणपत्र दिले एवढ्यावरून खरी मागणी बुडत नाही. तेथे अंतिम देयक हरकत नोंदवून स्वीकारलेले होते.

यावरून दाखल्याला काही अर्थच नाही असे समजणाऱ्यास त्याच वर्षीच्या दुसऱ्या निर्णयाने सावध केले आहे. मास्टर कन्स्ट्रक्शन कंपनीच्या प्रकरणात लष्करी बांधकामाच्या ठेकेदाराने ना-दावा दाखले दिले, अंतिम देयक घेतले, बँक हमी सोडवून घेतली आणि लगेच पत्र लिहून दाखले मागे घेतले. दबाव कोणी, केव्हा, कसा आणला याचा काहीच तपशील त्याने दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मानले नाही. नुसता ‘दबाव’ हा शब्द पुरत नाही. त्याच्या खुणा कागदावर लागतात.

या निर्णयांतून व्यवहारात उपयोगी पडणारा फरक एकच आणि तो साधा आहे. सहीच्या वेळी, सहीशेजारी, ‘अमुक बाबींबाबत हरकत राखून’ असे शब्द लिहिणे. मोजमाप पुस्तिकेत ठेकेदाराची सही घेतात तेथेही हेच. ‘मोजमाप मान्य’ लिहिण्याऐवजी ‘बाब क्रमांक अमुक वगळता मोजमाप मान्य’ असे लिहिण्यास कोणताही नियम आड येत नाही. कार्यालय ते शब्द खोडावयास सांगेल तर त्याच दिवशी पोच घेऊन टपालाने पत्र द्यावे. सहा महिन्यांनंतर वकिलाकडून गेलेले पत्र आणि सहीच्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेले चार शब्द, यांत न्यायालय कशास अधिक वजन देईल हे सांगणे नलगे.

कार्यालयाच्या बाजूनेही दाखल्याचे शब्द मोजून-मापून घेणे हिताचे आहे. ‘कोणतेही येणे उरलेले नाही’ असा सरसकट मजकूर वादात टिकेलच असा भरवसा नाही. त्याऐवजी देयक क्रमांक, कोणत्या तारखेपर्यंतची मोजमापे, किती रक्कम, कोणत्या बाबी अजून वादात आहेत, सुरक्षा ठेवीचा परतावा राहिला आहे काय, हे सर्व नमूद करून ‘वरील रक्कम खात्यात जमा झाल्यावर’ असे शब्द घातले, तर दाखला लहान होतो पण भक्कम होतो. कबूल रक्कम आधी अदा करून वादाची बाब वेगळी ठेवली, तर कोंडीत पकडून सही घेतल्याचा आरोपही राहत नाही.

तोंडी हुकूम आणि कलम ७०

आता आपल्या उदाहरणातील संरक्षक भिंतीकडे वळू. तिच्यासाठी लेखी आदेश नाही, मंजूर अंदाजपत्रक नाही. शासनाच्या वतीने होणारा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने व अधिकृत व्यक्तीच्या सहीने झाला पाहिजे. तसा नसेल तर तो करारच नव्हे. मग भिंत फुकट गेली काय?

याचे उत्तर बंगालमधील एका जुन्या प्रकरणात आहे. १९४४ साली, युद्धकाळातील अन्नधान्याच्या टंचाईत, नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बी. के. मोंडल आणि सन्स या ठेकेदारांनी हुगळी जिल्ह्यातील आरामबाग येथे धान्याची तात्पुरती कोठारे व इतर कामे केली. त्या वेळच्या १९३५ च्या कायद्याला हवा तसा करार झालेला नव्हता. सरकारने कोठारे वापरली आणि पैसे देताना कराराचा अभाव पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या डिसेंबरात निर्णय दिला की, करार नसला तरी करार अधिनियमाचे कलम ७० आहे. एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे. न्यायालयाने यात एक मर्यादाही सांगितली : वस्तू नाकारण्याची वा परत करण्याची संधी दुसऱ्याला असली पाहिजे. न मागितलेले काम कोणाच्या गळ्यात मारता येत नाही. यात्रेकरूंनी निवारा वापरला, भिंतीने तो सावरून धरला, आणि कोणी ‘भिंत काढून न्या’ म्हटले नाही. येथे कलम ७० लागू होण्यास जागा आहे.

परंतु कलम ७० खाली मिळतो तो वाजवी मोबदला, ठेकेदाराने लावलेला दर नव्हे; आणि काम झाले, कोणाच्या सांगण्यावरून झाले, किती झाले हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. भराव घातल्यावर भिंतीचा पाया कोण मोजणार? म्हणून झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी शाखा अभियंत्यांच्या समक्ष मोजून घ्यावे. साधा पंचनामा, तारीख दिसणारे छायाचित्र, ‘आपल्या आजच्या सूचनेप्रमाणे काम सुरू करीत आहे’ असे दोन ओळींचे पत्र, एवढ्यावर पुढचे सर्व अवलंबून असते. पंचायतीच्या बाजूने पाहिले तर जादा बाबीची गरज दिसताच तातडीची मासिक सभा घेऊन ठराव करणे, उपअभियंत्यांचे स्थळ-पाहणी टिपण घेणे आणि सुधारित अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेस पाठविणे, हे काम पंधरा दिवसांतही होण्यासारखे आहे. ‘मागाहून घेऊ’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची पुढे बदली होते, आणि मग त्याच्या शब्दाचे ओझे ग्रामसेवकाच्या टेबलावर येऊन पडते.

पैसे कोणाकडे मागावयाचे

जागा एकाची, निधी दुसऱ्याचा आणि हुकूम तिसऱ्याचा, अशा कामात आणखी एक पेच असतो. तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील गोंदिया येथे रुग्णालयाची इमारत बांधणाऱ्या एका ठेकेदारास तो पुरेपूर अनुभवावा लागला. आपले येणे कोणाकडून, हे निश्चित नसल्याने त्याने राज्य शासन, जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर आणि आणखी काही जणांवर दावा लावला. पहिल्या न्यायालयाने शासनाविरुद्ध हुकूमनामा दिला आणि इतरांना वगळले. उच्च न्यायालयाने शासनालाही मुक्त केले. इतरांविरुद्ध ठेकेदाराने अपील केलेले नव्हते म्हणून त्यांच्याकडूनही काही देववता येत नाही असे म्हटले. काम केलेल्या माणसाच्या हाती शून्य उरले. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अपील न्यायालयास अशा वेळी अन्य प्रतिवादींविरुद्धही हुकूमनामा देण्याचा अधिकार आहे असे ठरवून प्रकरण परत पाठविले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अभ्यासात हा निवाडा आजही सांगितला जातो. ठेकेदाराचे मात्र एवढ्याने भागले नाही. हा वाद पुन्हा एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तेव्हा कार्यारंभ आदेशावर सही कोणाची आहे, देयक कोणाच्या नावे सादर करावयाचे आणि रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून येणार, या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून घेतलेल्या बऱ्या. देवस्थान, पंचायत आणि जिल्हा परिषद अशा तिघांचा संबंध असेल तर तिघांमध्ये लेखी करारनामा असावा.

पोट-ठेकेदाराची स्थिती याहून बिकट असते. त्याचा करार मुख्य ठेकेदाराशी. पंचायतीशी त्याचे काहीच नाते नाही, म्हणून सामान्यतः पंचायतीकडे तो मागणी करू शकत नाही. मजुरांना मात्र कायद्याने हात दिला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने, ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मुख्य मालकाने द्यावी व ठेकेदाराच्या देयकातून वळती करून घ्यावी असे तत्त्व घातले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही ते ठेवले आहे. जुन्या अधिनियमात त्यासाठी वीस कामगारांची अट होती, संहितेत ती पन्नास झाली. गावपातळीवरील बहुतेक कामे पन्नासाच्या आतलीच असतात, हे येथे नोंदवून ठेवावयास हवे. लहान उद्योगांना पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळावेत यासाठी असलेल्या २००६ च्या अधिनियमाकडे अनेक ठेकेदार आशेने पाहतात. परंतु साहित्य व श्रम एकत्र असलेला बांधकाम ठेका त्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे.

मुदत आणि व्याज

मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुसूचीतील अठरावा अनुच्छेद ठेकेदाराने पाठ करावा असा आहे. सांगण्यावरून केलेल्या कामाची किंमत, जेव्हा ती देण्याची तारीख ठरलेली नसेल तेव्हा, काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत मागितली पाहिजे. ही मुदत देयक मंजूर झाल्यापासून किंवा निधी आल्यापासून मोजली जात नाही. ‘आपले देयक विचाराधीन आहे’ अशी पत्रे वर्षानुवर्षे येत राहतात आणि त्यांच्या आधारावर मनुष्य थांबतो. मुदत नव्याने सुरू होण्यासाठी ती संपण्यापूर्वी दिलेली, देणे मान्य करणारी लेखी कबुली लागते, किंवा काही रक्कम अदा होऊन तिची लेखी नोंद झालेली असावी लागते. ‘विचाराधीन’ या शब्दात देणे मान्य केलेले असतेच असे नाही. ‘आपली अमुक रक्कम देय असून निधी प्राप्त होताच अदा करण्यात येईल’ हे वाक्य निराळे.

व्याजाबाबत करारात काही नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ कामी येतो. त्यानुसार न्यायालय लेखी मागणीतील तारखेपासून व्याज देऊ शकते; पण त्या मागणीत ‘यापुढे व्याजाचाही दावा करण्यात येईल’ असे शब्द असले पाहिजेत. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे पाठविणारे बहुतेक ठेकेदार नेमके हेच वाक्य लिहीत नाहीत. करारात व्याज न देण्याची अट असल्यास गोष्ट वेगळी, आणि शासकीय करारांत ती पुष्कळदा असते.

करारातील वाद सोडविण्याची पायरी, मग ते अधीक्षक अभियंत्यांकडील निवेदन असो वा लवाद, ठरलेल्या मुदतीत वापरावी लागते. शासनाविरुद्ध दावा लावावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीचा काळ तीन वर्षांच्या मुदतीतून वगळला जातो. नोटीस आल्यावर अनेक कार्यालयांत ती विधी शाखेकडे पाठवून विषय संपला असे समजले जाते. वास्तविक मोजमाप पुस्तिका, स्थळ-पाहणीची टिपणे आणि ठेकेदाराची पत्रे एकत्र काढून वादातील कोणती बाब मान्य करण्याजोगी आहे हे पाहण्यासाठीच ते दोन महिने आहेत. हुकूमनामा झाल्यानंतरही त्याची अंमलबजावणी करण्यापूर्वी शासनास आणखी तीन महिने मिळतात, पण तोवर व्याज आणि दाव्याचा खर्च मूळ रकमेत जाऊन बसलेला असतो.